ऑपरेशनचा खरा खर्च कसा मोजायचा?

ताळेबंद | सोम, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या हॉस्पिटलात हिशेबाचं काम बघतो. शंभर खाटा, दोन थिएटर, छोटा आयसीयू. जवळजवळ निम्मे पेशंट जन आरोग्य योजनेतले.

विश्वस्तांच्या बैठकीत साधा प्रश्न आला, "हर्नियाच्या एका ऑपरेशनला आपल्याला किती खर्च येतो?" बिल किती होतं ते मी लगेच सांगितलं. जाळी, टाके, औषधं यांचा आकडाही स्टोअरमधून मिळतो. पण पगार, वीज, मशीनची घसारा रक्कम, लाँड्री, ऑक्सिजन यातलं त्या एका हर्नियाच्या वाट्याला किती आलं, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. आजवरची रीत अशी की महिन्याचा सगळा खर्च एकत्र करायचा आणि बिलाच्या प्रमाणात वाटून टाकायचा. त्यामुळे बिल मोठं असलं की त्याच्या माथी वीजही जास्त आणि पगारही जास्त, मग ते ऑपरेशन वीस मिनिटांत का संपेना.

खर्च कमी करा असं सगळेच म्हणतात. पण कुठे कमी करायचा हे कळल्याशिवाय पहिली कुऱ्हाड सफाईच्या मावशींच्या जागांवर पडते, आणि ते मला अजिबात नको आहे. कुणी आपल्या हॉस्पिटलात असं मोजमाप केलंय का? सुरुवात कुठून करावी?

सीएमए_नाशिक | सोम, रात्री १०:०५

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. बिलाच्या प्रमाणात खर्च वाटणं म्हणजे दरपत्रकच उलटं वाचणं, त्यातून नवीन काहीही कळत नाही.

तुम्हाला हवी ती पद्धत आहे आणि ती अवघडही नाही. टाइम ड्रिव्हन ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात तिला. स्टीव्हन अँडरसन आणि हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन यांनी २००४ मध्ये मांडली. पुढे २०११ मध्ये कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी ती रुग्णालयांना कशी लावायची ते लिहिलं. गाभा दोनच प्रश्नांचा. त्या माणसाचं किंवा त्या खोलीचं एक मिनिट कितीला पडतं? आणि या पेशंटसाठी अशी किती मिनिटं लागली?

उदाहरण घ्या. समजा एका सिस्टरवर पगार, पीएफ, बोनसचा हिस्सा सगळं धरून महिना ३०,००० खर्च होतात. २५ दिवस, ८ तास, म्हणजे १२,००० मिनिटं. त्यातली सुट्टी, जेवण, ट्रेनिंग, हँडओव्हर वजा केली की साधारण ८० टक्के उरतात, म्हणजे ९,६००. एक मिनिट झालं ३ रुपये १२ पैशांचं.

आता थिएटर. डॉक्टरांची फी सोडून स्टाफ, एसी, मशीनचा घसारा, देखभालीचा करार असं धरून समजा महिना ३,८४,०००. उपलब्ध मिनिटं तीच ९,६००. मिनिटाला ४० रुपये. पण प्रत्यक्षात टेबलावर पेशंट होता फक्त ४,८०० मिनिटं. इथे बहुतेक जण ३,८४,००० ला ४,८०० ने भागतात आणि म्हणतात, आमचं मिनिट ८० रुपयांचं. तसं करू नका. हर्नियाला ४० चाच दर लावा आणि उरलेले १,९२,००० "न वापरलेली क्षमता" म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. विश्वस्तांनी बघायची ओळ ती आहे.

गप्पीदास | सोम, रात्री १०:३१

पॉपकॉर्न घेऊन बसतो. आमच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांचं एक मिनिट आणि पेशंटचे चार तास असा दर आहे, तो कोणत्या ओळीत लिहायचा?

मिरजकर_स्टोअर | सोम, रात्री ११:२०

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलं. सीएमए साहेबांचं गणित बरोबर, पण आधी माझं ऐका ताळेबंदराव. स्टोअरमधून "इश्यू" झालेला माल आणि पेशंटला "लागलेला" माल यांत फार फरक असतो. थिएटरची सिस्टर सकाळी दिवसभराचा माल एकदम उचलते. टाक्याची तीन पाकिटं फोडली, एक वापरलं, दोन गेली. ते पाकीट फोडलं की परत घेता येत नाही. कॅथेटर दोन साइजचे उघडले जातात कारण ऐनवेळी शोधाशोध नको. हे सगळं हर्नियाच्या खात्यावर पडतं की कुठेच पडत नाही, ते बघा.

दुसरं, मुदत संपलेला माल. एखादा सर्जन विशिष्ट कंपनीची जाळी मागतो म्हणून पेटी आणायची, मग ते डॉक्टर सोडून जातात आणि पेटी कपाटात बसते. एकाच कामाला पाच ब्रँड ठेवले की पाचांचा साठा, पाचांची एक्स्पायरी. आणि आरोग्यसेवेला जीएसटी माफ असल्यामुळे खरेदीवर भरलेला कर आपल्याला परत मिळत नाही. म्हणजे प्रत्येक फोडलेल्या पाकिटावरचा करही आपल्याच खिशातून.

डॉ_भूल | मंगळ, सकाळी ६:५०

भूलतज्ज्ञ आहे, तीन हॉस्पिटलांत फिरून काम करते. लहान गावांत आमच्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांवरच थिएटर चालतात, हे आधी लक्षात घ्या.

वरच्या १,९२,००० मध्ये माझाही वाटा आहे. पण माझ्या बाजूने बघा. आठला बोलावतात म्हणून मी पावणेआठला हजर. पेशंट वॉर्डातच. ईसीजी झालाय पण फिजिशियनची सही नाही. योजनेचा पेशंट असेल तर ऑनलाइन मंजुरी अजून आलेली नाही आणि आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणारा मदतनीस, नऊला येणार. मंजुरी आली की ट्रॉली नाही. ट्रॉली आली की मामा लिफ्टपाशी थांबलेत, कारण एकच लिफ्ट आणि तीत जेवणाची गाडी. पहिला पेशंट साडेनऊला आत येतो. तोपर्यंत दुसऱ्या हॉस्पिटलचा फोन सुरू. मग मी तिकडे जाते आणि इकडचा दुसरा पेशंट माझी वाट बघतो.

यात एकही रुपया कुणी उधळलेला नाही, तरी रोज थिएटरचा दीड तास जातो. म्हणून टाक्याच्या पाकिटांच्या आधी पहिला पेशंट किती वाजता आत येतो ते लिहायला लागा.

औषधांचं म्हणाल तर भुलीच्या गॅसचा प्रवाह कमी ठेवला की सेव्होफ्लुरेन स्पष्ट कमी लागतं. मॉनिटर चांगला असेल तर हे सुरक्षितपणे करता येतं. पण त्यासाठी सोडालाइम, म्हणजे पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे, वेळेवर बदललेला हवा. सोडालाइमवर बचत करणारी हॉस्पिटलं मी पाहिली आहेत. तिथे मी प्रवाह कमी करत नाही.

ताळेबंद | मंगळ, सकाळी ८:१५

डॉक्टर, मंजुरीचा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता. आमच्याकडेही आरोग्यमित्र नऊनंतरच बसतात. मिरजकर काका, फोडलेल्या पाकिटांची नोंद थिएटरमध्ये कोण करेल? सिस्टरांवर आणखी एक रजिस्टर टाकायचं जिवावर येतंय.

ओटी_सिस्टर | मंगळ, दुपारी २:४०

जिवावर येतंय हे वाचून बरं वाटलं! नवीन काही आलं की पहिलं रजिस्टर आमच्याच टेबलावर येतं.

मी पुण्यात थिएटर इन्चार्ज आहे. फोडलेल्या पाकिटांसाठी रजिस्टर नको. एक बादली ठेवा. उघडलं आणि वापरलं नाही असं सगळं त्यात. दिवसाच्या शेवटी स्टोअरचा माणूस येऊन मोजेल, ते त्याचं काम.

आता मला जे सांगायचंय ते. आमच्या हर्निया सेटमध्ये चिमटे, रिट्रॅक्टर, नीडल होल्डर, आर्टरी, ॲलिस, बॅबकॉक असं करत पन्नासच्या वर हत्यारं होती. हा सेट कुणी बांधला ते कुणालाच आठवत नव्हतं. एखाद्या जुन्या सरांनी एकदा काही मागितलं, ते त्यात गेलं आणि तिथेच राहिलं. मी ठरवलं की ऑपरेशन झाल्यावर ज्याला हात लागला ते एका ट्रेमध्ये आणि न लागलेलं दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचं. दुसरा ट्रे नेहमी जड असायचा. आणि तो तसाच परत सीएसएसडीत, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागात जातो! धुणं, ब्रश, सुकवणं, मोजणं, पॅक करणं, ऑटोक्लेव्ह. बॅबकॉकला कुणी हात लावला नाही तरी त्याचा खर्च तोच, आणि झिजतोही तितकाच.

सर्जन लोकांना एकत्र बसवून सेट निम्म्यावर आणला. जे क्वचित लागतं ते सुटं पॅक करून कपाटात ठेवलं, मागितलं की अर्ध्या मिनिटात हातात. मोजणीही लवकर होते, त्यामुळे शेवटचं काउंट घेताना पेशंट टेबलावर उगाच थांबत नाही. ऑटोक्लेव्हच्या फेऱ्याही कमी झाल्या. अर्धा रिकामा ऑटोक्लेव्ह चालवायला भरलेल्याइतकीच वीज आणि तितकाच वेळ लागतो, रिकाम्या एसटीसारखं.

यासाठी कुणी सल्लागार आणला नव्हता. इतकी वर्षं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

खमंग_काकडी | मंगळ, दुपारी ३:०२

बादलीची कल्पना भारी. सिस्टर, आमच्या घरचा फ्रिज आवरायला याल का? तिथेही हात न लागलेला ट्रेच जड आहे.

पेशंटची_मुलगी | मंगळ, रात्री ८:३०

इथे सगळे आतले लोक आहेत, म्हणून बाहेरून एक विचारते. गेल्या वर्षी बाबांचा गुडघा बदलला, एका शहरातल्या खासगी हॉस्पिटलात. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे हे मला माहीत होतं, ती त्यांनी पाळली. पण बिल अकरा पानांचं. हातमोज्यांच्या जोड्या इतक्या की मोजताना दमले. "ओटी कन्झ्युमेबल्स" अशी एक ओळ, शेजारी मोठी रक्कम, तपशील नाही. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टीममधून असंच येतं."

तुम्ही सेट निम्म्यावर आणाल, दीड तास वाचवाल, छान आहे. पण त्यातलं आमच्यापर्यंत काय येणार? खर्च कमी झाला आणि बिल तेच राहिलं, तर या सगळ्या मोजमापाचा आम्हाला काय उपयोग?

सीएमए_नाशिक | मंगळ, रात्री ९:१८

ताई, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, औषधलेपित स्टेंट २९,६०० वर. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर आली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतलेला सापडला. एका वस्तूची किंमत बांधली तरी बाकीचं बिल मोकळंच राहतं.

म्हणूनच मोजमापाची गरज आहे. ज्या हॉस्पिटलला स्वतःचा खर्च माहीत नाही ते दर ठरवताना शेजारच्या हॉस्पिटलकडे बघतं, आणि शेजारचं याच्याकडे. खर्च कळला तर एकरकमी पॅकेज देण्याची हिंमत होते, मग अकरा पानांची गरज उरत नाही.

एक कायद्याचं. ३५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या रुग्णालय कंपन्यांनी खर्चाच्या नोंदी ठेवाव्यात असा नियम २०१४ पासून आहे. पण तो कंपन्यांना, ट्रस्टला नाही. ताळेबंद, तुम्ही बंधन नसताना करताय, म्हणून जास्त कौतुक.

निवृत्त_सिव्हिल | बुध, सकाळी ७:१०

मी सरकारी रुग्णालयांत शल्यचिकित्सक होतो, शेवटी जिल्हा रुग्णालय सांभाळलं. आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नसे, कारण पगार कोषागारातून, औषधं वेगळ्या लेखाशीर्षातून, इमारत बांधकाम खात्याची, वीजबिल आणखी कुठल्या शीर्षात. एका सिझेरियनला किती लागले हे सांगायला चार कार्यालयं फिरावी लागली असती.

मग २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. पहिल्यांदाच सरकारी रुग्णालयालाही प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम मिळू लागली आणि आम्ही हिशेब करायला शिकलो. त्या पॅकेजमध्ये काय काय आहे ते लोकांना ठाऊक नसतं. तपासण्या, इम्प्लांट, जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा, आणि पेशंटला घरी जायला एसटीचं भाडंसुद्धा. ते भाडं पेशंटच्या हातात पडतंय की नाही हे मी स्वतः बघायचो.

खासगी डॉक्टर म्हणतात पॅकेज परवडत नाही. काही शस्त्रक्रियांत ते खरं आहे, काहींत नाही. पण "परवडत नाही" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे स्वतःचा आकडा होता? मी बैठकांत विचारायचो तेव्हा सगळे दरपत्रकच दाखवायचे. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने अनेक राज्यांतल्या रुग्णालयांत जाऊन एकेका सेवेचा खर्च शास्त्रशुद्ध काढला आणि केंद्राच्या आयुष्मान योजनेचे दर सुधारताना त्याचा आधार घेतला गेला. आकडे घेऊन गेलं की सरकार ऐकतं. ताळेबंद, तुम्ही हर्नियाचा हिशेब नीट मांडलात तर तो तुमच्या विश्वस्तांपुरता ठेवू नका.

सुरी_दोरा | बुध, दुपारी १:२५

सर्जन आहे. वरचं बरंचसं पटलं, पण मला धोका वेगळीकडे दिसतो.

मिनिटं मोजायला लागलात की दुसऱ्या महिन्यात तक्ता भिंतीवर लागतो. अमुक सरांचा हर्निया ४० मिनिटांत, तमुक सरांचा ७०. ७० वाले सर ज्युनिअरला शिकवत होते हे तक्त्यात दिसत नाही. पेशंट लठ्ठ होता, आधी एकदा ऑपरेशन होऊन आतलं चिकटलं होतं, हेही दिसत नाही. ४० मिनिटांत उरकलेला हर्निया वर्षभराने परत आला तर तो खर्च कुणाच्या खात्यावर? बहुधा दुसऱ्या हॉस्पिटलच्या.

खर्च मोजायचा असेल तर टेबलावर मोजणी थांबवू नका. जखमेत पू झाला, पेशंट परत भरती झाला, प्रत्येक ड्रेसिंगला गावाहून आला, ते सगळं त्याच ऑपरेशनच्या खात्यात घ्या. मग स्वस्त जाळी खरंच स्वस्त होती का ते कळेल. तोपर्यंत माझ्या हातातल्या टाक्यावर कुणी घड्याळ लावू नये.

यॉर्कशायरकर | बुध, संध्या. ५:५०

सुरी_दोरा यांच्याशी सहमत, पण सर्जनला आकडे दाखवायचेच नाहीत असा अर्थ होऊ नये. मी इंग्लंडमध्ये हाडांच्या विभागात आहे. इथे १९९८ पासून एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, सगळ्या रुग्णालयांचे खर्चाचे आकडे दरवर्षी गोळा होतात. पुष्कळ वर्षं ते फाइलमध्येच राहिले. फरक पडला तो टिम ब्रिग्ज नावाचे अस्थिशल्यचिकित्सक स्वतः एकेका रुग्णालयात जाऊन बसले तेव्हा. "तुमचे आकडे हे, शेजारच्यांचे हे, बोलूया." समोर सर्जनच असल्यामुळे ऐकून घेतलं गेलं. म्हाताऱ्या पेशंटांना महागडा, सिमेंट न वापरता बसणारा कृत्रिम खुबा घालायचे. सिमेंटचा स्वस्त खुबा त्या वयात निदान तितकाच चांगला टिकतो हे सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्पष्ट होतं, तरी सवय सुटत नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातही असंच केलं. सर्जनना दर महिन्याला फक्त त्यांच्या साहित्याचा खर्च आणि सहकाऱ्यांचा खर्च शेजारी ठेवून दाखवला, विभागाने ठरलेली बचत केली तर विभागाला थोडं बक्षीस ठेवलं. त्या गटाचा खर्च साडेसहा टक्क्यांनी उतरला, न दाखवलेल्यांचा सात टक्क्यांहून जास्त वाढला. पेशंटचं काही वाईट झालं नाही. भिंतीवर तक्ता लावला नव्हता, प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद दिला होता.

कोडवाला | बुध, रात्री ९:०५

अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या रुग्णालयाने याचं सॉफ्टवेअरच करून घेतलं. त्यांनी काढलेला दर असा होता: आपत्कालीन विभागात एक मिनिट ८२ सेंट, सर्जिकल आयसीयूत १ डॉलर ४३ सेंट, हाडांच्या थिएटरमध्ये १२ डॉलर. हे एकदा समोर आलं की कुठे थांबणं महाग आणि कुठे स्वस्त ते कुणालाही कळतं.

पण ताळेबंद, सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. हॉस्पिटलच्या सिस्टीममधल्या वेळा मी पाहिल्या आहेत. "ऑपरेशन सुरू" आणि "ऑपरेशन संपलं" या दोन्ही नोंदी संध्याकाळी ५:५५ ला एकाच मिनिटात केलेल्या असतात. त्या डेटावर काहीही उभं राहणार नाही. आधी कागद आणि भिंतीवरचं घड्याळ.

वांगी_मसाला | बुध, रात्री ९:४०

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं अजून कुणी काढलं नाही? डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढेपर्यंत दुसऱ्यावर पेशंट तयार, मायक्रोस्कोप नुसता वळवायचा. पेशंटची तयारी करणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांतल्या, तिथेच शिकवून तयार केलेल्या. भिंग परदेशी आणि महाग पडतं म्हणून १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. गरिबाचं फुकट होतं आणि संस्था तोट्यात नाही.

सुरी_दोरा | बुध, रात्री १०:१०

अरविंदला दंडवत. पण मोतीबिंदू सगळे बरेचसे सारखे. माझ्याकडे सकाळी हर्निया, दुपारी बैलाने शिंग मारलेला पेशंट. दुसरं टेबल तयार ठेवायला सिस्टर कुठून आणू?

ओटी_सिस्टर | बुध, रात्री १०:२२

सिस्टर आणायची नाहीये सर. आहे तिला ट्रॉली शोधायला पाठवू नका, मग ती टेबल तयार ठेवेल.

गप्पीदास | बुध, रात्री १०:२४

सिस्टरना +१००. धागा जिंकलात.

गोंयकार | गुरु, सकाळी ९:३०

जरा विषयांतर. आमच्या पणजीकडच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ऑक्सिजनच्या पाइपलाइनला गळती होती. रात्री कुणीही ऑक्सिजनवर नसताना सिलिंडरचा काटा खाली यायचा. वॉर्डातल्या एका मामाने साबणाचं पाणी लावून सांधा शोधला. कुणाच्याच हिशेबात ती गळती नव्हती, कारण ऑक्सिजन "एकूण खर्चात" जायचा. मोजमाप म्हणजे नेहमी मोठं काहीतरी असावं लागत नाही.

ताळेबंद | रवि, सकाळी ११:४५

मंडळी, तुमचं वाचून कागद आणि घड्याळ घेऊन मी स्वतः एका हर्नियाच्या पेशंटबरोबर फिरलो, त्यांची आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन. पंचावन्न वर्षांचे शेतकरी, योजनेतले. जे दिसलं ते लिहितो.

सकाळी ७ ला उपाशीपोटी तयार. मंजुरी आदल्या दिवशीच आली होती, पण ती आलीय हे वॉर्डाला माहीत नव्हतं. ९:२० ला आरोग्यमित्रांनी सांगितलं तेव्हा कळलं. ९:४५ ला ट्रॉली. थिएटरच्या दारात १०:०५ पर्यंत, कारण आतली फरशी पुसणं चालू होतं आणि एकच मावशी दोन्ही थिएटरला. १०:१० ला टेबलावर. स्पायनल, म्हणजे पाठीतून कमरेखालची भूल दिली. १०:३५ ला चीर, ११:२० ला शेवटचा टाका. ११:३० ला बाहेर. सर्जनच्या हातात पेशंट पाऊण तास होता. तिथे घड्याळ लावून काहीही मिळणार नाही हे, सुरी_दोरा साहेब, मलाही मान्य.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी. सकाळी ९ च्या राउंडला सरांनी "आज सोडा" म्हटलं. फाइल सिस्टरांकडे, डिस्चार्ज कार्ड लिहायला ज्युनिअर डॉक्टर, ते थिएटरमध्ये. १२ ला कार्ड. फार्मसीकडून उरलेल्या औषधांची परत नोंद, दीड. मग फाइल माझ्याच खात्यात, बिलिंगच्या टेबलावर, जेवणाची सुट्टी. पेशंट घरी निघाले दुपारी ३:४० ला. त्यांची गावाकडची दुपारची एसटी गेली होती. आणि खाली कॅज्युअल्टीत खाट नाही म्हणून एक बाई बाकावर बसून होत्या.

मावशींच्या जागा कमी करायच्या की नाही, हा प्रश्न विश्वस्तांपुढे आला तर मी आता ही वेळापत्रकाची पानं ठेवणार आहे. दोन थिएटरला एक मावशी असल्यामुळे वीस मिनिटं दार बंद राहिलं. सीएमए साहेबांच्या दराने ती वीस मिनिटं ८०० रुपयांची. पैसे वाचवायचे तर तिथे एक मावशी वाढवावी लागेल.

पुढचा प्रश्न. हर्नियानंतर सिझेरियन घ्यावं का? त्यात बाळाचा खर्च वेगळा काढायचा की आईच्याच खात्यात?

सीएमए_नाशिक | रवि, दुपारी १२:३०

फार उत्तम काम. एकाच पेशंटवर दर ठरवू नका. वेगवेगळ्या वारांचे, वेगवेगळ्या सर्जनांचे काही घ्या, मग मधला आकडा धरा. सिझेरियनमध्ये आई आणि बाळ अशी दोन खाती ठेवा, कारण बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत गेलं तर त्याचा प्रवास आईपासून पूर्ण वेगळा होतो. आणि ठरवून केलेलं सिझेरियन व रात्री दोनचं सिझेरियन एकत्र करू नका.

पेशंटची_मुलगी | रवि, दुपारी १:१५

ताळेबंद दादा, एसटी चुकलेली तुम्ही लिहिलीत, हे मनापासून आवडलं. तो खर्च हॉस्पिटलच्या कुठल्याच ओळीत येत नाही. तुमच्या तक्त्यात पेशंटच्या वेळेचाही एक रकाना ठेवाल का? आणि पेशंटला सोडल्यावर तो किती वाजता निघाला हेही?

ताळेबंद | रवि, दुपारी १:४०

ठेवतो ताई. तो रकाना बिलिंगने भरायचा नाही, सुरक्षारक्षकाने गेटवर भरायचा असं ठरवलंय, म्हणजे आमच्या सोयीची वेळ पडणार नाही. डिस्चार्ज कार्ड आदल्या संध्याकाळीच निम्मं लिहून ठेवता येतं का हे उद्या सरांना विचारतो. डॉ_भूल, मंजुरी आल्याचा मेसेज वॉर्डाच्या फोनवर आदल्या रात्री जाईल अशी सोय आरोग्यमित्रांनी आनंदाने मान्य केलीय. पहिला पेशंट किती वाजता आत येतो ते महिनाभर लिहून इथेच टाकतो.

डॉ_भूल | रवि, दुपारी २:०५

लिफ्टचं काय?

ताळेबंद | रवि, दुपारी २:११

जेवणाची गाडी साडेसातऐवजी सव्वासातला. स्वयंपाकघराशी बोलणं चालू आहे, पोळ्या लाटणाऱ्या काकूंची बस सातला येते. त्यांचा उपाय सापडला की सांगतो.